झाकण आजीला उघडावे, नातवाला नाही

गेल्या पावसाळ्यात अकोट तालुक्यातील एका सभासदाच्या घरी बसलो होतो. चहा झाला. घरच्या आजीला खोकल्याचे औषध घ्यायचे होते, पण साखरेच्या पाकाने बूच असे चिकटलेले की तिच्याने उघडेना. साडेचार वर्षांचा नातू ओसरीवर टायर फिरवत होता. आजीने हाक मारली, “ये रे बाप्पा, हे झाकन खोलून दे मले. माह्या बोटात जोर नाही रायला.” पोट्ट्याने बूच दातात धरले आणि एका हिसक्यात बाटली उघडून दिली. सगळे हसले. मीही हसलो.

पण निघताना पडवीत नजर गेली. ऊसाच्या बेण्याला वाळवी लागू नये म्हणून आणलेल्या औषधाची अर्धी बाटली तिथे जमिनीवरच उभी होती. तिचे झाकण त्या खोकल्याच्या बाटलीपेक्षा काही कठीण नव्हते. हसू तिथेच विरले.

सभासद बंधू-भगिनींनो, आपण पिकावर मारायच्या विषालाही ‘औषध’च म्हणतो. मोठ्यांना त्यातला फरक कळतो. चार वर्षांच्या लेकराला कसा कळावा? त्याच्यासाठी औषध म्हणजे गोड पाक.

कॅनडातील डॉक्टरांचे बूच

हे दुखणे फक्त आपल्या वऱ्हाडाचे नाही. कॅनडा देशात विंडसर नावाचे शहर आहे. तेथे डॉ. हेन्री ब्रो हे बालरोगतज्ज्ञ होते. घरातल्या गोळ्या नाहीतर सफाईची रसायने खाऊन-पिऊन आलेली लेकरे त्यांच्यापुढे सारखी येत. उपचार करून थकले, तेव्हा त्यांनी ठरवले की रोग बुचातच आहे, तर इलाजही बुचातच केला पाहिजे. पीटर हेजविक या कारखानदाराच्या मदतीने 1967 साली ‘दाबा आणि फिरवा’ पद्धतीचे बूच तयार झाले. त्या भागात मुलांच्या विषबाधा 91 टक्क्यांनी घटल्या, अशी नोंद आहे. पुढे 1974 साली तेथील ऑन्टारियो प्रांताने हे बूच सक्तीचे केले. अमेरिकेने तर त्याआधीच, 1970 साली, यासाठी कायदा केला होता.

या बुचाची करामत साधी आहे. दिसायला एक, पण असतात एकात एक दोन. आतल्या बुचाला बाटलीवर बसणारे आटे असतात आणि वरचे त्यावर सैल बसलेले असते. नुसते फिरवले तर वरचे कटकट वाजत फिरत राहते, आतले जागचे हलत नाही. तळव्याने दाबले की वरच्याचे दात आतल्याच्या खाचांत बसतात. तसेच दाबून धरून फिरवले, तरच बाटली उघडते. लहान मुलाला दाबता येते, फिरवताही येते. पण दोन्ही एकाच वेळी जोर लावून करणे त्याला जड जाते.

परीक्षा नातवाची, परीक्षा आजीची

असे बूच पास करण्याची अमेरिकेतील रीत ऐकण्यासारखी आहे. 42 ते 51 महिन्यांची, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुले जोडीजोडीने बसवतात. 50 मुलांपासून सुरुवात करून गरज पडल्यास 200 मुलांपर्यंत जातात. बाटली हाती देऊन पाच मिनिटे थांबतात. नंतर एकदा उघडून दाखवतात, दात लावले तरी चालेल असेही सांगतात, आणि आणखी पाच मिनिटे देतात. एवढे करूनही शंभरातील निदान 80 मुलांना बाटली उघडता आली नाही, तर बूच पास.

म्हणजे शंभरातील वीस लेकरे ते उघडू शकतात! तेव्हा हे बूच म्हणजे तिजोरी नव्हे. ते फक्त वेळ मिळवून देते. आई धावत येईपर्यंतचा वेळ.

दुसरी परीक्षा मोठ्यांची. पूर्वी ती 18 ते 45 वर्षांच्या धडधाकट माणसांवर होत असे. पण घरोघरी अनुभव असा आला की म्हाताऱ्या माणसांना बूच निघत नाही, म्हणून ती ते सैल ठेवतात किंवा गोळ्या दुसऱ्या उघड्या डबीत काढून ठेवतात. मग बूच असून नसल्यासारखेच. म्हणून 1995 साली नियम बदलला आणि 50 ते 70 वर्षांच्या माणसांकडून परीक्षा घ्यायचे ठरले. शंभरातील 90 जणांना ते उघडून पुन्हा लावता आले पाहिजे. अकोटच्या आजीचे गाऱ्हाणे तिकडच्या आज्यांचेही होते!

आपले घर, आपली बाटली

पण उत्तमातले उत्तम बूच एका सवयीपुढे हरते. ती सवय म्हणजे ओताओत. शेजाऱ्याला पाव लिटर हवे म्हणून थंड पेयाच्या बाटलीत काढून द्यायचे. उलट औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल भरायचे. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये शाळेतील मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेले होते.

बाटली बदलली की दुसरेही एक नुकसान होते. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. विषबाधेची लक्षणे आणि उतारा लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकावर छापलेला असतो. दुसऱ्या बाटलीत ओतले की डॉक्टरांना सांगायला काहीच उरत नाही.

म्हणून एवढे पाळावे:

औषध त्याच्याच बाटलीत ठेवावे, कुलपाच्या पेटीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. फिनाईल, ॲसिड, घासलेट यांनाही हाच नियम. घरच्या गोळ्याही मुलांदेखत ‘गोड गोड’ म्हणून खाऊ नयेत. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यात घ्यावे. डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा. खरेदी करताना ‘दाबा-फिरवा’ बुचाची बाटली आहे का, ते विचारावे. एकटा विचारील तर दुकानदार हसेल. पण ऊस पिकवणारे आपण सारे सभासद विचारू लागलो, तर त्याला मागवावीच लागेल.

आणि नको ते घडलेच, तर ओकारी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, तूप काही पाजू नये. घासलेट किंवा फवाऱ्याचे औषध उलटीवाटे छातीत गेले की जास्त घात होतो. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे. 108 ला फोन करावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार किंवा जवळचा दवाखाना गाठावा. बाटली सोबत न्यावी. तोंडाला लाळ, घाम, बारीक झालेली बुबुळे दिसली तर वाट पाहत बसू नये.

त्या सभासदाला मी निघताना पडवीतली बाटली दाखवली. तो काही बोलला नाही. बाटली उचलली, आतल्या लोखंडी पेटीत ठेवली आणि किल्ली आजीच्या कनवटीला दिली. आजी म्हणाली, “हे कुलूप तं मले खोलता येते बाप्पा!”

आज हा अंक वाचून झाला की आपणही एकदा आपल्या पडवीत डोकावून यावे.