गादी भरून घेताना

तयार गादीच्या शिवणीआड काय दडलंय, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून कापसाची गादी घ्यायची तर समोर बसून भरून घ्यावी. दोन तास जातात, पण पुढची कितीतरी वर्षं पाठ सुखात राहते.

आधी कापूस समजून घेऊ. बोंडात असताना कापसाचा तंतू गोल नळीसारखा असतो. बोंड फुटलं की तो वाळतो, चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळांच्या मधे हवा अडकते. गादीची ऊब आणि उसळी म्हणजे मुख्यतः ही अडकलेली हवाच. सुतासाठी लांब, तलम धागा लागतो. गादीला मात्र देशी वाणाचा आखूड, राठ कापूस जास्त मानवतो, कारण तो लवकर दबत नाही. सावरीचा कापूस त्याहून हलका आणि निसरडा. तो उशीत भरावा, गादीत नको.

आता हिशोब. शंभर किलो कपाशीतून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. तीन बाय सहा फुटांच्या, चार इंच जाडीच्या गादीला दहा किलोच्या आसपास रुई लागते, म्हणजे जवळजवळ तीस किलो कपाशी. एवढं लक्षात ठेवलं की फार स्वस्त गादी पाहून शंका यायला हवी. अशा गादीत बऱ्याचदा शिवणकामातल्या चिंध्या पिंजून भरलेल्या असतात. चिमूटभर कापूस हातात घ्या. रंगीत धाग्यांचे तुकडे दिसले तर समजा. तरी खात्री वाटत नसेल, तर ती चिमूट घराबाहेर चिमट्यात धरून पेटवा. खरा कापूस कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

खोळीचं कापड उजेडापुढे धरून पाहावं. वीण विरळ असेल तर तंतू बाहेर येत राहतात. पट्ट्यापट्ट्यांचा जाड गादीपाट चांगला. कापूस थराथराने भरून काठीने सारखा केला की तोंड शिवतात आणि दाभणाने आरपार टाके घालतात. टाके शोभेचे नव्हेत. ते विरळ पडले तर कापूस सरकतो आणि वर्षभरात कमरेखाली खळगा होतो.

जपणुकीत सगळी लढाई ओलाव्याशी असते. कापूस हवेतलं पाणी शोषतो, अंगाचा घामही शोषतो. ओलसर तंतू वजनाखाली एकमेकांना चिकटतात आणि गोळे होतात. म्हणून गादी थेट फरशीवर टाकू नये, खाली चटई किंवा सतरंजी हवी. प्लायवूडच्या बंद पलंगावर तर दर आठवड्याला उलटी करावी, डोक्याची बाजू पायाशी घ्यावी. ऊन मिळेल तेव्हा दोन्ही बाजू तापवाव्यात. ओल गेली की तंतू पुन्हा सुटतात, आणि ओलाव्यावर जगणारे धुळीतले सूक्ष्म किडेही कोरड्या गादीत तग धरत नाहीत. काठीने हलकेच झोडपावं. जोराने बडवलं तर तंतू तुटून भुगा होतो. उन्हं उतरण्याआधी गादी आत घ्यावी, नाहीतर संध्याकाळची दमट हवा ती पुन्हा पिते. कोकणातल्या पावसाळ्यात ऊन नसतंच. तिथे सकाळी गादी भिंतीशी उभी करून पंखा लावणं एवढंच हाती असतं, आणि तेही पुष्कळ आहे. मुलाने ओली केली तर पूर्ण धुऊ नये. तेवढाच भाग पुसून पंख्याखाली किंवा उन्हात ठेवावी.

तीन-चार वर्षांनी मात्र उन्हानेही भागत नाही. दाबलेला हात काढल्यावर गादी वर येत नसेल, तर पिंजारी गाठावा. पूर्वी पिंजारी धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर ठोके देत, आणि त्या थरथरीने कापूस मोकळा होई. आता बहुतेक ठिकाणी दातेरी यंत्र असतं. त्यातून कापूस गरजेपेक्षा जास्त वेळा काढू देऊ नका, तंतू आखूड होतात. जपानमध्येही तातामीवर अंथरायच्या फुतोनचा कापूस असाच पुन्हा पिंजून घेतात. त्याला तिथे उचिनाओशी म्हणतात.

गादी देताना तोलून द्या आणि पिंजल्यावर कापूस पुन्हा तोलून घ्या. थोडी घट होणारच, ती धूळ आणि भुग्याची. तेवढा नवा कापूस आपल्यासमोर मिसळून घ्यावा. जुनी खोळ धड असेल तर आदल्या दिवशी उसवून, धुऊन, कडकडीत वाळवून सोबत न्यावी.