संगणकावरील इलेक्ट्रॉनिक संगीतनिर्मितीचा प्रारंभ आणि भारतीय ताल-स्वर

प्रस्तावना :
इ.स. १९८२ मध्ये मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ व ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका तयार केली. २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर तिची जगभर दखल घेतली गेली. आज त्या यंत्रांचे कार्य घरगुती संगणकावरील आज्ञावली करते. ‘एलएमएमएस’सारखी आज्ञावली विनामूल्यही मिळते. मात्र अशा आज्ञावलीची मूळ मांडणी पाश्चात्त्य संगीताला अनुसरून असते. ती जशीच्या तशी स्वीकारल्यास आपले ताल व स्वर बाजूला पडतात.

सिंथेसायझर :
यात तीन घटक मुख्य आहेत. ऑसिलेटर मूळ ध्वनिलहर निर्माण करतो, फिल्टर तिच्यातील नको ते उपस्वर गाळतो आणि एन्व्हलप नादाचा चढ-उतार ठरवतो. उपस्वरांनी समृद्ध अशी करवती लहर घेऊन फिल्टर हळूहळू खाली आणावा. नाद कसा मृदू होतो ते कानाला कळते. नाद तत्काळ उमटून लगेच ओसरला तर छेडलेल्या तारेचा, सावकाश चढला तर गजाने वाजवलेल्या वाद्याचा भास होतो.

सिक्वेन्सर आणि ताल :
सिक्वेन्सर ध्वनी नव्हे, तर कोणता स्वर केव्हा व किती जोराने वाजवावा याच्या सूचना साठवतो. या सूचनांची ‘मिडी’ ही प्रमाणपद्धती १९८३ पासून रूढ आहे. प्रारंभी पडद्यावर बहुधा १६ चौकटी दिसतात. १६ मात्रांचा त्रिताल त्यांत सहज बसतो. झपतालासाठी १०, रूपकासाठी ७ चौकटी कराव्या लागतात. मीरा-भाईंदरमधील मुर्धा, राई, मोरवा या गावांच्या परिसरात हळदीला गायिली जाणारी आगरी-कोळी गीते बहुधा सहा मात्रांच्या अंगाने चालतात. त्यांना १२ चौकटी योग्य. १६ चौकटींत त्यांचा झोल हरवतो.

स्वर आणि मींड :
आज्ञावलीतील सप्तक १२ समान भागांचे असते. त्यामुळे तिचा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा लागतो. सूक्ष्म स्वरजुळणीची सोय असल्यास तो उतरवावा. मींडेसाठी ‘पिच बेंड’ वापरतात. त्याची कक्षा सामान्यतः दोन अर्धस्वरांची असते, ती वाढवून घ्यावी.

समारोप :
नवशिक्याने शेकडो तयार नादांच्या मागे न लागता षड्ज-पंचमाचा अखंड नाद, एक राग, एक ताल व स्वतः घडवलेला एक नाद एवढ्यावरच पहिली रचना करावी. चौकटींची संख्या व स्वरांची जुळणी आरंभीच ठरवल्यास संगणक हे आपल्या संगीताचे वाद्य ठरते. अन्यथा संगीतच संगणकाच्या साच्यात बसवावे लागते.