अभिजात चित्रपटांच्या डीव्हीडी : संग्रह व मूल्यमापन

अभिजात चित्रपटाची डीव्हीडी ही त्याची एक आवृत्तीच होय. ग्रंथाप्रमाणे तिचीही पाठचिकित्सा आवश्यक ठरते. छत्रपती संभाजीनगरमधील महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी व्हेनिस येथे १९३७ मध्ये गौरविलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) निवडताना प्रथम चौकट पाहावी. रुंद पडद्यासाठी वरखाली कापलेल्या प्रतीत दृश्याचा सुमारे चतुर्थांश भाग नाहीसा होतो. दामले-फत्तेलाल यांची दृश्यरचना विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाही. कालावधीतील तूट मात्र नेहमीच कापाकापीची खूण नसते. पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात. त्यामुळे चित्रपट सुमारे ४ टक्क्यांनी आखूड होतो व स्वरही सहसा किंचित चढतो. अभंगप्रधान चित्रपटात हा दोष लहान नव्हे. श्रेयनामावलीही तपासावी : शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले गीत अनेकांनी तुकारामांचाच अभंग मानले आहे.