नेकचंदांच्या शिल्पोद्यानात एक दिवस

सिमला-मनालीच्या प्रवासास निघालेली महाराष्ट्रातील कुटुंबे चंडीगढ येथे बहुधा एक रात्र मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाडाकडे वळण्यापूर्वी, कार्यक्रमपत्रिकेत नमूद आहे म्हणून, तेथील रॉक गार्डन तासाभरात उरकून घेतात. ज्या उद्यानासाठी एका मनुष्याने आपले अर्धे आयुष्य वेचले, आणि जे नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापेक्षा पायांनी चालून समजून घ्यावयाचे आहे, त्याच्या वाट्यास एवढा तुटपुंजा अवकाश यावा हा मला मोठा अन्याय वाटतो. म्हणून वृद्ध आई आणि दोन मुले यांच्यासह आम्ही सिमल्याचे प्रस्थान पुढे ढकलून एक संपूर्ण दिवस त्यासाठीच राखून ठेवला.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पूर्व पंजाबास नवी राजधानी हवी होती, आणि ती ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी उभी राहू लागली, तेव्हा त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेली अनेक खेडी उठविण्यात आली व त्यांच्या घरांचा राडारोडा ठिकठिकाणी साचून राहिला. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षकाच्या हुद्द्यावर काम करणारे नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ सालचा. त्यांचे स्वतःचे गाव फाळणीने पाकिस्तानात राहिले होते. उठविलेल्या गावांचे हे अवशेष एका उठविलेल्या माणसाच्या हाती पडले, हा योग मला या साऱ्या वृत्तान्तात सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते नोकरीची वेळ संपताच सायकलवरून आसपासच्या नद्यानाल्यांतील चित्रविचित्र आकारांचे दगड आणि शहरातील टाकाऊ जिन्नस गोळा करीत, आणि ज्या राखीव वनभूमीवर बांधकामास सक्त मनाई होती तिच्याच एका घळीत, कोणत्याही मंजुरीवाचून, गुप्तपणे आपले विश्व रचीत.

सत्तरीच्या दशकात ही गोष्ट सरकारदरबारी उघडकीस आली, तोवर तेथे शेकडो मूर्ती उभ्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने हे उघड अतिक्रमण होते आणि ते जमीनदोस्त करण्याचा हुकूम निघता तर दफ्तरी त्यात वावगे काहीच ठरले नसते. परंतु लोकांनी ते पाहण्यास गर्दी केली, काही जाणत्या अधिकाऱ्यांनी त्याचे मोल ओळखले, आणि १९७६ मध्ये ते जनतेस रीतसर खुले करण्यात येऊन नेकचंदांस त्याच कामावर पगारी नेमणूक व हाताखाली सुमारे ५० मजूर देण्यात आले. पुढे १९८४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आज सुमारे ४० एकरांवर पसरलेल्या या उद्यानाचे श्रेय नेकचंदांच्या चिकाटीइतकेच त्या न निघालेल्या हुकमासही द्यावे लागेल.

आत शिरताच मुलांच्या प्रथम ध्यानात आले ते तेथील दरवाजांचे ठेंगणेपण. एका चौकातून दुसऱ्या चौकात नेणाऱ्या कित्येक कमानी इतक्या बुटक्या आहेत, की मोठ्या माणसास मान लववूनच पुढे जावे लागते आणि मुले मात्र ताठ मानेने निघून जातात. वाट अरुंद, दोहों बाजूंस उंच भिंती, पुढे काय येणार याचा अदमास नाही. आणि मग एका वळणावर अकस्मात मोकळा चौक उघडतो व त्यात स्त्रिया, वादक, माकडे, मोर यांच्या रांगाच्या रांगा उतरणीवर उभ्या दिसतात. एकेक मूर्ती सुटी पाहिली तर तिचा चेहरा ओबडधोबड, अवयव ठोकळ. तिचे सामर्थ्य समुदायात आहे. शेदोनशे मुखे एकाच दिशेस पाहत असली म्हणजे एखाद्या गावची जत्रा क्षणभर थांबून आपल्याकडेच पाहत आहे असा भास होतो.

यांची घडण समजून घेण्याजोगी आहे. मोडक्या सायकलींचे सांगाडे, नळ, सळ्या अशा भंगारातून मूर्तीचा अस्थिपंजर बांधावयाचा, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवावयाचा, आणि अखेरचा थर ओला असतानाच त्यात फुटक्या कपबश्या, चिनी मातीच्या फरशा, काचा यांचे तुकडे दाबून बसवावयाचे. आईची पावले थबकली ती बांगड्यांपाशी. घरोघरी वाढविलेल्या काचेच्या बांगड्यांचे हिरवे, तांबडे, निळे तुकडे दाटीने बसवून तेथील कित्येक स्त्रियांची वस्त्रे विणली आहेत. आईने एका मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहून, ‘अगं, हे कुणाकुणाच्या हातातलं असेल!’ एवढेच सुनेस म्हटले, आणि मार्गदर्शक पुस्तिकेत मला जे सापडले नव्हते ते त्या एका उद्गारात होते. मुलांचे कुतूहल निराळे. विजेच्या जोडणीचे चिनी मातीचे निरुपयोगी भाग रचून केलेल्या भिंतीपाशी त्यांनी एकेक तुकडा ओळखण्याचा सपाटा लावला, आणि त्यांस कोणी घाई करू नये म्हणून आम्ही बाजूस बसून राहिलो.

पुढच्या टप्प्यांत धबधबे आहेत, आणि उंच कमानींच्या ओळींतून टांगलेले झोपाळे आहेत, ज्यांवर मुलांइतक्याच हौसेने प्रौढही बसतात. शिल्पाच्या स्थानी हात लावू नये, बसू नये, बोलू नये असा जो शिरस्ता आपल्या वस्तुसंग्रहालयांनी रूढ केला आहे, त्याने कलेचा आदर वाढतो की परकेपणा वाढतो याचा विचार त्या झोपाळ्यांजवळ अवश्य करावा. चढउतार पुष्कळ असल्याने वृद्धांस मध्ये विसावा द्यावा, पायांत सपाट पादत्राणे असावीत; आणि संध्याकाळी जवळच असलेल्या सुखना सरोवराच्या काठी जावे.

१२ जून २०१५ रोजी नेकचंद निवर्तले. त्यांच्या हयातीत, १९९०च्या सुमारास, उद्यानाचा काही भाग पाडण्यासाठी बुलडोझर आले असता नागरिकांनी मानवी साखळी करून ते अडविले होते. परंतु २०२५च्या आरंभी, उच्च न्यायालयाकडील रस्ता व वाहनतळ यांच्या सोयीसाठी, तिसऱ्या टप्प्यातील भिंतीचा एक भाग पाडण्यात आलाच. ज्या शहराने गाळलेल्या वस्तूंतून ही भिंत उभी राहिली त्याच शहराने तिचा पुन्हा राडारोडा करावा, हे वाचून मला अतिशय क्लेश झाले. आणि त्या वेळी निषेधासाठी जे चंडीगढवासी तेथे जमले, त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता दाटून आली.