दोनशे पिनांचा सौदा

संपादकांना सेमीकंडक्टरच्या कारखान्यांवर लेख हवा होता. हजारो कोटींची गुंतवणूक, भूमिपूजन, मंत्र्यांचे फोटो वगैरे. मी गेलो भोसरीला. तिथल्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर एक बाई दूध संकलन केंद्रासाठी सर्किट बोर्ड आखतात, एवढेच कानावर आले होते. चिप बनवणाऱ्यांविषयी हल्ली रोज छापून येते. तयार चिप आणून तिच्याभोवती उपयोगाची वस्तू उभी करणाऱ्यांची मात्र कोणी दखल घेत नाही. गाळ्यातले सगळे त्या बाईंना मॅडम म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

वस्तू ओळखीची आहे. गावातल्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दुधाचे वजन होते, नमुना फॅट आणि एसएनएफ मोजणाऱ्या यंत्रात जातो, दर निघतो, पावती छापली जाते. काटा, ते यंत्र, प्रिंटर, बाहेरचा मोठ्या आकड्यांचा डिस्प्ले आणि आकडे पुढे पाठवणारे सिमकार्ड या सगळ्यांना जोडायला एक संगणक लागतो. तो बऱ्याचदा टेबलाखाली धूळ खात बसलेला जुना पीसी असतो. मॅडमना तो घालवून भिंतीवर एक बंद डबा लावायचा आहे.

डब्याचा मेंदू त्या विकत आणतात. ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि मंडळींनी २०१२ मध्ये शाळकरी मुलांसाठी बाजारात आणला. मुलांपेक्षा कारखानदारांनीच त्याला जास्त पसंती दिली असे म्हटले तर फार चुकणार नाही. २०१४ मध्ये रास्पबेरी पाय कंपनीने त्याच संगणकाचा सगळी सॉकेटे काढून टाकलेला अवतार आणला, ‘कम्प्यूट मॉड्यूल’. पहिली मॉड्यूल्स लॅपटॉपच्या मेमरीपट्टीसारख्या खाचेत बसत. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीने तो आकार सोडला. आता तो ५५ बाय ४० मिलिमीटरचा तुकडा आहे आणि त्याच्या पोटाला शंभर-शंभर पिनांचे दोन कनेक्टर आहेत. प्रोसेसर, मेमरी, साठवणूक, वायफाय सगळे त्यातच. बाहेरचे जग कसे जोडायचे ते तुम्ही ठरवा आणि त्यासाठी तुमचा बोर्ड तुम्ही आखा.

या सौद्यात काय वाचते ते मॅडमनी कागदावर रेघा मारून दाखवले. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधले डझनावारी ट्रॅक एकमेकांच्या तोडीस तोड लांबीचे ठेवावे लागतात, चिपच्या पोटाखालचे शेकडो सोल्डरचे मणी बाहेर काढायला जास्त थरांचा महागडा बोर्ड लागतो, वेगवेगळे व्होल्टेज ठरलेल्या क्रमाने चढवावे लागतात. हे सगळे मॉड्यूलवर आधीच झालेले असते. खालचा बोर्ड चार थरांत भागतो. त्याला फक्त ५ व्होल्ट द्यायचे, ३.३ आणि १.८ व्होल्ट मॉड्यूल स्वतःच करून घेते आणि थोडे तुम्हालाही देते, प्रत्येकी ६०० मिलिअँपिअरपर्यंत.

“म्हणजे सोपे झाले,” मी म्हणालो.

“अवघड होते ते गेले, सर. किचकट होते ते राहिले,” त्या म्हणाल्या.

किचकट म्हणजे काय ते समजायला ते दोन कनेक्टर भिंगाखाली पाहावेत. जपानच्या हिरोसे कंपनीचे हे कनेक्टर टिचबटणासारखे दाबून बसतात. दोन पिनांच्या मध्यांतले अंतर ०.४ मिलिमीटर. मॉड्यूल बसायचे तर दोन्ही कनेक्टर एकमेकांना तंतोतंत समांतर हवेत. एक जरा सरकला तर मॉड्यूल बसतच नाही किंवा बसते आणि महिन्याभराने एखादी पिन सुटते. दुसरा प्रकार अधिक वाईट. म्हणून मॅडमनी संगणकावर दोन्ही कनेक्टर मिळून एकच फूटप्रिंट केला आहे. लेआउट करताना चुकून एक हलला तर दुसराही सोबत हलतो, अंतर बिघडत नाही. इतकी साधी युक्ती, पण ती मला त्या पोटमाळ्यावरची सर्वांत हुशार गोष्ट वाटली.

खाली, गाळ्यात, नमुन्याचे बोर्ड हाताने दुरुस्त करणारे एक काका बसतात. सोल्डर पेस्ट पातळ स्टेन्सिलमधून बोर्डावर ओढली जाते. पेस्ट किंचित जास्त झाली की भट्टीतून निघताना शेजारच्या दोन पिना जुळून येतात. काका मायक्रोस्कोपखाली फ्लक्स लावतात, तांब्याची विणलेली पट्टी टेकवतात आणि जादाचे सोल्डर शोषून घेतात. बोलत नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पिनांत आणि यंत्राने लावलेल्या पिनांत मला तरी फरक करता आला नाही.

मॅडमचा खरा जीव मात्र ट्रॅकच्या जोड्यांत अडकलेला आहे. यूएसबी, इथरनेट, एचडीएमआय, पीसीआय एक्स्प्रेस हे सगळे वेगवान सिग्नल दोन-दोन ट्रॅकच्या जोडीने जातात, एकात जे घडते त्याच्या उलट दुसऱ्यात. जोडीचा इम्पीडन्स ठरलेला असतो: यूएसबीला ९० ओहम, इथरनेट आणि एचडीएमआयला १००. तो ट्रॅकची रुंदी, दोघांतली फट आणि खालच्या ग्राउंडच्या थरापर्यंतचे अंतर यांवर ठरतो. चार थरांच्या बोर्डात ते अंतर साधारण ०.२ मिलिमीटर असते, म्हणून ट्रॅकही तेवढेच बारीक चालतात. पैसे वाचवायला कोणी १.६ मिलिमीटर जाडीचा दोन थरांचा बोर्ड घेतला, तर ५० ओहमचा एकेरी ट्रॅकच जवळपास तीन मिलिमीटर रुंद होतो. ०.४ मिलिमीटरवरच्या पिनांमधून तो बाहेर काढणार कुठून? स्वस्त बोर्डाचा प्रश्न या एका हिशेबात निकालात निघतो.

जोडीतल्या दोन ट्रॅकच्या लांबीत ०.१५ मिलिमीटरहून जास्त फरक नको, असा दंडक मॅडम पाळतात. बोर्डाच्या काच-इपॉक्सीत सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे ०.१५ मिलिमीटरला एक पिकोसेकंद. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीत एक बिट २०० पिकोसेकंदांचा असतो, तिथे ही काटेकोरी शोभते. ४८० मेगाबिटच्या यूएसबीत बिट दोन हजार पिकोसेकंदांचा. तिथे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी दुधाची पावती नीटच छापली जाईल. मी तसे म्हटल्यावर त्या हसल्या आणि वळण मारून तो ट्रॅक बरोबरीत आणलाच.

मग अडचणी सुरू झाल्या, आणि त्या बहुतेक ट्रॅकच्या नव्हत्याच.

पहिली यूएसबीची. चौथ्या मॉड्यूलवर वीज वाचवण्यासाठी यूएसबी मुळात बंद असते. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातल्याशिवाय ती जागी होत नाही. नवखा माणूस बोर्ड आल्यावर मल्टिमीटर घेऊन ट्रॅक तपासत बसतो, आणि ट्रॅक बरोबर असतात. दुसरी साठवणुकीची. ईएमएमसी, म्हणजे अंगभूत साठवणूक, असलेले मॉड्यूल घेतले तर एसडी कार्डाची खाच बोर्डावर असूनही निरुपयोगी. त्यात प्रणाली भरायची तर एक पिन ग्राउंडला जोडून मॉड्यूल चालू करावे लागते, मग ते यूएसबीवरून पीसीला डिस्कसारखे दिसते. त्या पिनेला जम्पर ठेवायचा राहिला, तर भरलेला बोर्ड पुन्हा काकांकडे.

तिसरी अडचण डेअरीतली. सिमकार्डाच्या मोडेमला स्वतःची वीज असते. मॉड्यूल बंद आणि मोडेम चालू राहिला, तर मोडेमच्या सिग्नलमधून वीज उलटी मॉड्यूलच्या पिनांत शिरते. मुख्य ५ व्होल्ट येण्याआधी कोणत्याही पिनेवर व्होल्टेज असू नये हा नियम डेटाशीटमध्ये आहे, पण तो तिथवर वाचणारे थोडे. मॅडमनी मध्ये बफर घातला आणि त्याला वीज मॉड्यूलच्याच ३.३ व्होल्टची दिली. मॉड्यूल झोपले की बफरही झोपतो.

चौथी सर्वांत हट्टी: गावातली वीज. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, तर फाइली बिघडतात आणि सकाळी संस्थेच्या दारात रांग उभी राहते. नीट बंद व्हायला संगणकाला दहा सेकंद द्यायचे म्हटले, तर ५ व्होल्ट, एक अँपिअरच्या हिशेबाने ५० जूल ऊर्जा साठवावी लागते. १२ व्होल्टवरच्या १००० मायक्रोफॅरडच्या साध्या कपॅसिटरात ०.०७ जूल मावते. म्हणजे सुपरकपॅसिटर आले, त्यांना भरणारे सर्किट आले आणि डबा वाढला. डबा पत्र्याचा केला तर आतला वायफायचा अँटेना आंधळा होतो, बाहेर वेगळा लावावा लागतो. प्लॅस्टिकचा केला तर उष्णता जायला जागा उरत नाही. हा प्रश्न मी निघालो तेव्हाही सुटलेला नव्हता.

आणि या सगळ्याच्या वर पुरवठा. २०२१ ते २०२३ या टंचाईच्या काळात ही मॉड्यूल्स महिनोन्महिने मिळत नव्हती, मिळाली तर चढ्या भावाने. २०२५ च्या अखेरीस मेमरी महागली आणि कंपनीने पुन्हा दर वाढवले. चौथे मॉड्यूल किमान जानेवारी २०३४ पर्यंत बनवत राहू असे कंपनी सांगते, ते दिलासा देणारे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेले पाचवे त्याच आकाराचे आहे, पण एक कॅमेरा आणि एक डिस्प्ले यांच्या पिनांवर आता यूएसबी ३ आहे आणि त्याची विजेची भूकही मोठी आहे. ‘जुन्या बोर्डावर बसते’ हे म्हणणे खरे, पण अर्धेच.

तरीही माझे मत मॅडमच्या बाजूने आहे. काही शे नगांच्या वस्तूसाठी स्वतःचा प्रोसेसर बोर्ड आखणे ही हौस आहे, धंदा नव्हे. अडचण आहे ती हे काम करणारी माणसे कमी असण्याची. कंपनीने मॉड्यूलसाठीच्या आपल्या आयओ बोर्डाचा पूर्ण आराखडा कायकॅड या बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खुला ठेवला आहे, आणि १९९२ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलेले ते सॉफ्टवेअर फुकट आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्या मुलामुलींनी तो आराखडा उतरवून घ्यावा, नको ती सॉकेटे काढून टाकावीत, आपल्याला हवे ते जोडावे आणि एक बोर्ड स्वतः मागवून चालू करून पाहावा. भोसरीतल्या त्या गाळ्यात एक टेबल रिकामे आहे आणि मॅडम माणूस शोधत आहेत.