बालवाडीसाठी अनुदान मागताना

एखाद्या कुटुंबाने आपल्या संपत्तीतून लोकहितासाठी उभारलेला न्यास म्हणजे कौटुंबिक न्यास. १९१९ साली स्थापन झालेला सर रतन टाटा ट्रस्ट हे त्याचे जुने उदाहरण. बालवाडीसाठी अशा न्यासाकडे जाताना आधी त्याचे विषय, कार्यक्षेत्र आणि अर्जाची पद्धत नीट पाहावी. काही न्यास थेट अर्ज घेत नाहीत. तिथे एक पानी टिपण पाठवून विचारणा करावी.

संस्थेची नोंदणी, प्राप्तिकर खात्याची प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षित हिशेब तयार हवेत. न्यास परदेशी असेल तर परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. अशी परदेशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा होते.

अर्जाचा गाभा मात्र मूलच. किती मुले, कोणत्या वयाची, वर्षभरात त्यांच्या भाषेत आणि खेळात काय फरक पडेल, तो कसा नोंदवणार, हे साध्या शब्दांत लिहावे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या साध्या वस्तूंतूनच शिक्षणसाहित्य घडवले. म्हणून महागड्या खेळण्यांपेक्षा बालवाडीत शिकवणाऱ्या ताईंचे मानधन आणि प्रशिक्षण यांसाठी निःसंकोच मागावे. बालवाडी उभी राहते ती त्यांच्यावरच.