पोटातले जिवाणू आणि मेडिकलवरची पुडी

जवळा बाजारसारख्या गावात आज कुठल्याही मेडिकलवर अँटिबायोटिकसोबत एक कॅप्सूल किंवा पुडी मिळते. 'पोटाला बरी' म्हणून. लेकराला जुलाब लागले तरी तीच, गॅस झाला तरी तीच. त्या पुडीत नेमकं काय असतं आणि ती कधी कामाची, हे आज आपण पाहू.

पुडीत जिवंत जिवाणू असतात, काहींत यीस्ट. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली व्याख्या केली: पुरेशा संख्येत घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, ते प्रोबायोटिक. म्हणजे जिवंत पाहिजेत, पुरेसे पाहिजेत आणि फायदाही दिसला पाहिजे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दिवसाच्या मात्रेत साधारण 10 कोटी जिवंत जिवाणू अपेक्षित आहेत.

आता गंमत बघा. 'जनावर' म्हटलं की बैलही आला आणि शेळीही आली, पण नांगराला कुणी शेळी जुंपत नाही. प्रोबायोटिकचं तसंच आहे. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही.

ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, तो 2017 मध्ये 'नेचर'मध्ये आला. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक वाण, सोबत त्याचं खाद्य म्हणून एक साखर, असं सात दिवस दिलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 वर आलं. केवढी मोठी गोष्ट! पण ती त्या वाणाची, त्या मात्रेची. म्हणून तान्ह्या बाळाला आपल्या मनानं पुडी चाटवायची नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर यातून रक्तात संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2023 मध्ये तसा इशाराच दिला.

अँटिबायोटिकनंतरचं काय? काही वाण अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी करतात, हे खरं. पण इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं 2018 साली थोड्या लोकांवर पाहिलं, तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातले मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. म्हणजे 'घेतली तर काय बिघडतंय' हे म्हणणं काही तितकंसं बरोबर नाही.

आम्हाला खरी काळजी जुलाबाची वाटते. लेकरू जुलाबानं दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. पुडी ते भरून देत नाही. ते काम ओआरएसचं, आणि सोबत 14 दिवस झिंक. दोन्ही आशाताईंकडे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पुडीला पैसे मोजायचे आणि ओआरएस राहून जायचं, असं होता कामा नये. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, लेकरू सुस्त पडलं, शौचातून रक्त गेलं, तर थेट दवाखाना.

मग दही-ताक? घरच्या विरजणात कुठले जिवाणू, किती, हे ठरलेलं नसतं. म्हणून शास्त्राच्या भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. पण अन्न म्हणून ते उत्तमच. कढी उकळली की मात्र त्यातले जिवाणू मरतात, चवीला खा. आणि पोटात आधीच असलेल्या जिवाणूंनाही खायला लागतं की! ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या यांतला न पचणारा चोथा हेच त्यांचं अन्न. आंबील-ताक आणि भाकरी रोज पोटात जात असेल, तर धडधाकट माणसाला महिनोन्महिने कॅप्सूल घ्यायचं कारण आम्हाला दिसत नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलीच, तर खोक्यावर जिवाणूचं पूर्ण नाव, संख्या, मुदत आणि कुठे ठेवायची ते वाचा. बॅसिलस जातीचे बीजाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलसचे बरेच वाण आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली टिकत नाहीत. आणि जिवाणूंची कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिकच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर ती गोळी आधी त्यांनाच मारायची.